इलेक्ट्रोलाइज्ड पाणी घरात वापरताना: वास, पीएच आणि भांड्यातला पांढरा थर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एक लिटरचं, यूएसबीवर चालणारं यंत्र घेतलंय. पाण्यात मीठ टाकून बटण दाबलं की दहा मिनिटांत जंतुनाशक (इलेक्ट्रोलाइज्ड पाणी, म्हणजे वीज सोडलेलं मिठाचं पाणी) तयार, असं खोक्यावर लिहिलंय. पाणी बोअरचं. कधी स्विमिंग पूलसारखा वास येतो, कधी अजिबात येत नाही. यंत्रातल्या धातूच्या पट्ट्यांवर आणि तळाला पांढरा थर धरतो. घरात रांगणारं बाळ, सासूबाईंना दमा. तेव्हा फिनाईल आणि ब्लीच बंद करून सगळीकडे हेच वापरावं का, आणि मुळात मिठाच्या पाण्याने जंतू मरतात तरी कसे?

यात प्रश्न चार दिसतात, पण अडचण एकच आहे. बाटलीत आज नेमकं काय तयार झालंय, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. एकच यंत्र, एकच बटण, तेवढीच दहा मिनिटं. पण पाणी बदललं, मीठ कमीजास्त झालं, चार्जर जुना लावला की बाहेर येणारं द्रावण वेगळं असतं. म्हणून "हे चांगलं की वाईट" याचं सरळ उत्तर देता येत नाही. आधी ते बनतं कसं ते बघू, मग मोजायचं कसं, आणि मग कुठे वापरायचं.

मिठाचं पाणी हा फक्त कच्चा माल. त्यातून वीज सोडली की धन बाजूच्या पट्टीवर मिठातल्या क्लोराइडचा क्लोरीन होतो आणि तो तिथल्या तिथे पाण्याशी संयोग पावून हायपोक्लोरस आम्ल आणि थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल देतो. ऋण बाजूला पाणी फुटून हायड्रोजनचे बारीक बुडबुडे सुटतात आणि मागे कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) उरतो. जंतू मारतं ते हायपोक्लोरस आम्ल. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही गिळलेल्या जंतूंना मारायला हेच आम्ल बनवतात. यात नवीन असं काही नाही. पाणीपुरवठ्याच्या काही जलशुद्धीकरण केंद्रांवर मिठाच्या पाण्यातून जागेवरच हायपोक्लोराइट बनवतात. तिथे साधारण ०.८ टक्क्याचं द्रावण निघतं आणि किलोभर क्लोरीनमागे तीन-साडेतीन किलो मीठ आणि चार-पाच युनिट वीज लागते. तुमचं यंत्र म्हणजे त्याचीच बाळआवृत्ती.

आता फरकाची गोष्ट. मोठ्या आणि महागड्या यंत्रांमध्ये दोन पट्ट्यांच्या मध्ये एक पडदा असतो. एका नळीतून आम्लधर्मी पाणी निघतं, दुसरीतून अल्कधर्मी. पहिलं जंतू मारायला, दुसरं तेलकटपणा काढायला. तुमच्या एक लिटरच्या बाटलीत पडदा नाही. दोन्ही बाजूंचा माल एकाच भांड्यात मिसळतो आणि कॉस्टिक सोड्यामुळे आम्लाचं सोडियम हायपोक्लोराइट होतं. म्हणजे नुसतं मीठ टाकून तुम्ही जे बनवता ते अतिशय पातळ ब्लीच असतं, पीएच (पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, सातच्या खाली आम्ल, वर अल्कली) साडेआठ-नऊच्या घरात. यात लाजण्यासारखं काही नाही, पातळ ब्लीचही काम करतं. पण जाहिरातीत "हायपोक्लोरस आम्ल जंतू मारतं आणि सोडियम हायड्रॉक्साइड मळ काढतं, दोन्ही एकाच बाटलीत" असं लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. आम्ल आणि अल्कली एका भांड्यात हातात हात घालून बसत नाहीत. पीएच सहावर आणला तर मळ काढण्याइतका सोडा उरत नाही, आणि सोडा उरला तर आम्ल उरत नाही.

पीएचवर इतका भर का, तर क्लोरीन तेवढाच असला तरी त्याचा जोर पीएचवर ठरतो. पीएच साडेसहाला त्यातला सुमारे नव्वद टक्के भाग हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो. साडेसातला निम्मा. साडेआठला जेमतेम दहावा हिस्सा, आणि नऊला तीन टक्क्यांच्या आसपास. उरलेला हायपोक्लोराइट आयन असतो. या आयनावर ऋण भार, जंतूच्या पेशीच्या पृष्ठभागावरही ऋण भार, त्यामुळे तो आत शिरायला कचरतो. हायपोक्लोरस आम्लाच्या रेणूवर भार नाही, तो भिंतीतून सहज आत जातो. हायपोक्लोराइट आयन जंतू मारतोच, पण कित्येक पटींनी सावकाश. दुसऱ्या टोकाला पीएच चारच्या खाली गेला की क्लोरीन वायू सुटायला लागतो. म्हणून घरगुती वापरासाठी पाच ते साडेसहा हा पट्टा धरायचा.

पीएच खाली आणायला पांढरं सिंथेटिक व्हिनेगर वापरतात. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत व्हिनेगर आधी घालायला सांगितलं असेल तर तसंच करा. काहीच लिहिलं नसेल तर यंत्र बंद झाल्यावर घाला. किती, हे पाण्यावर अवलंबून. आरओच्या पाण्याला लिटरमागे अडीच-तीन मिली पुरतं. साध्या मऊ नळाच्या पाण्याला ५ मिली, म्हणजे एक छोटा चमचा. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं आणि घातलेल्या आम्लाचा पहिला घास तेच घेतं. तिथे १० मिलीही अपुरं पडू शकतं. तुमच्याकडे "कधी वास येतो, कधी नाही" हा जो खेळ चाललाय त्याचं एक मोठं कारण हे असणार. बोअरच्या पाण्याचा जडपणा पावसाळ्यात आणि मे महिन्यात सारखा नसतो, त्यात मधूनच टँकरचं पाणी टाकीत पडलं की हिशेब पुन्हा बदलतो.

लिंबाचा रस व्हिनेगरच्या जागी चालत नाही. त्यातले सेंद्रिय पदार्थ क्लोरीन खाऊन टाकतात. लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिडही नको. ते यंत्र धुवायला ठेवा. आणि एक गोष्ट अगदी पक्की लक्षात ठेवा: हे व्हिनेगरचं प्रकरण फक्त या पातळ पाण्यापुरतं. बाजारातल्या ब्लीचच्या बाटलीत व्हिनेगर कधीही ओतायचं नाही. तिथे क्लोरीन चार-पाचशे पट जास्त असतो आणि वायू तोंडावरच येतो.

मोजायला दोन प्रकारच्या कागदी पट्ट्या लागतात. एक पीएचची, दुसरी मुक्त क्लोरीनची, म्हणजे जंतू मारायला अजून मोकळा असलेल्या क्लोरीनची. क्लोरीनची पट्टी २०० पीपीएमपर्यंत (पीपीएम म्हणजे इथे लिटरमागे मिलिग्रॅम) वाचणारी घ्या, हॉटेलांत भांडी निर्जंतुक करताना वापरतात तसली. स्विमिंग पूलची पट्टी १० पीपीएमपर्यंतच जाते. तीच हाताशी असेल तर ५ मिली द्रावण आणि ९५ मिली आरओचं पाणी मिसळून त्यात बुडवा आणि आकड्याला वीसने गुणा. गावाकडे जलसुरक्षक नळाच्या पाण्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडीन या क्लोरीन दाखवणाऱ्या रसायनाचे) थेंब टाकून पिवळा रंग बघतो, ती चाचणी इथे उपयोगाची नाही. ती पिण्याच्या पाण्यातल्या ०.२ पीपीएमच्या आसपासच्या क्लोरीनसाठी असते, तुमच्या बाटलीत त्याच्या पाचशे पट अपेक्षित आहे. आरओवाल्याकडचा टीडीएस मीटरही निरुपयोगी. तो तुम्ही घातलेलं मीठ मोजेल, दोन हजारच्या घरात आकडा दाखवेल आणि क्लोरीनबद्दल चकार शब्द बोलणार नाही.

पट्टी वाचताना हमखास होणारी एक चूक सांगून ठेवतो. क्लोरीन जास्त असला की तो पट्टीचा रंगच उडवतो. पट्टी बुडवल्या क्षणी गडद होते आणि बघता बघता पांढरी पडते. चार सेकंदांनी बघणारा म्हणतो, "शून्य आलं, यंत्र बिघडलंय." म्हणून पट्टी पाण्यातून काढतानाच नजर तिच्यावर ठेवा. क्षणभर रंग येऊन गेला असेल तर द्रावण पातळ करून पुन्हा मोजा. पीएचच्या कागदाचंही तसंच. एक-दोन सेकंदांत जो रंग दिसतो तो खरा, नंतर कागद फिका पडत जातो.

आकडा किती यायला हवा याचा अंदाज विजेवरून बांधता येतो. १ अँपिअर वीज १० मिनिटं वाहिली तर कागदावरच्या हिशेबाने २२० मिलिग्रॅम क्लोरीन व्हायला हवा. एक लिटर पाण्यात म्हणजे २२० पीपीएम. प्रत्यक्षात इतकं कधीच होत नाही. मीठ कमी असल्यामुळे धन पट्टीवर क्लोरीनसोबत ऑक्सिजनही सुटतो, काही क्लोरीन पाण्यातल्या इतर पदार्थांवरच खर्च होतो. लिटरला २ ग्रॅम मीठ घालून ८० ते १२० पीपीएम आला तर यंत्र ठीक आहे असं समजा. वीज अर्धाच अँपिअर जात असेल तर आकडाही निम्मा येईल. चार्जर आणि यंत्र यांच्यामध्ये लावायचा छोटा यूएसबी मीटर मिळतो, त्यावर अँपिअर दिसतात. पुष्कळदा दोष यंत्राचा नसून जुन्या मोबाइलच्या चार्जरचा निघतो.

मिठाबद्दल थोडं. २ ग्रॅम म्हणजे छोट्या चमच्याच्या साधारण एक तृतीयांश. नेहमीच्या पाकिटातल्या मिठातलं आयोडीन इतकं थोडं असतं की त्याने काही बिघडत नाही, मात्र मीठ मोकळं राहावं म्हणून घातलेल्या पावडरीमुळे पाणी किंचित गढूळ होऊ शकतं. सैंधव आणि काळं मीठ यात नको. त्यातलं लोह आणि मॅग्नेशियम पट्ट्यांवर बसतं. "जास्त मीठ घातलं तर जास्त जंतुनाशक" हे काही अंशी खरं आहे, पण ते जास्तीचं मीठ शेवटी ओट्यावर, नळावर आणि स्टीलवर जाऊन बसतं.

आता तो पांढरा थर. तो मिठाचा नाही, तुमच्या बोअरच्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा आहे. ऋण पट्टीच्या अगदी लगत अल्कली तयार होते, तिथे पीएच खूप चढतो आणि पाण्यातला जडपणा खडूसारखा पट्टीवर जमतो. गीझरच्या कॉइलवर बसतो तोच हा थर. तो जमला की वीज अडते, क्लोरीन घटतो, आणि वरून दिसायला मात्र बुडबुडे निघतच असतात. उपाय असा: यंत्र पूर्ण रिकामं करा, दोनदा साध्या पाण्याने खळबळून घ्या, मग लिटरभर पाण्यात २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून अर्धा तास भरून ठेवा, वीज न लावता. थर आपोआप सुटतो. आत आधीचं क्लोरीनचं पाणी असताना त्यावरच आम्ल ओतायचं नाही, रिकामं करायची अट म्हणूनच. तारेची घासणी किंवा सुरी लावू नका. खरं तर सोपा मार्ग म्हणजे या कामासाठी बोअरचं पाणी सोडून आरओच्या नळाचं शुद्ध पाणी घेणं. लिटरभराचाच प्रश्न आहे. आरओच्या वाया जाणाऱ्या नळीचं पाणी मात्र नको, ते बोअरपेक्षाही जड असतं.

घासायला मनाई का, तर यंत्रातली पट्टी नुसत्या धातूची नसते. चांगल्या यंत्रात टायटॅनियमवर रुथेनियम आणि इरिडियमच्या ऑक्साइडचा अगदी पातळ लेप असतो. हेन्री बीअर यांनी १९६०च्या दशकात हे लेप आणले आणि क्लोरीनच्या कारखान्यांतून झिजणारे ग्रॅफाइटचे कांडे हळूहळू गेले. लेप खरवडला गेला की खालचं टायटॅनियम वीज पुढे जाऊ देत नाही आणि यंत्र संपतं. स्वस्तातल्या काही यंत्रांत साधं स्टेनलेस स्टील असतं. त्यात क्लोरीन बनताना स्टीलच विरघळतं. पाणी पिवळसर, तपकिरी किंवा हिरवट झालं, तळाला गंजाचे कण दिसले, की ते पाणी कुठेही न वापरता ओतून द्या आणि यंत्र परत करा. त्यात निकेल आणि क्रोमियम उतरलेलं असू शकतं. व्हिडिओ बघून दोन स्टीलचे चमचे आणि चार्जर जोडण्याचा उद्योग करू नका, तो याच कारणाने.

यंत्र चालू असताना झाकण घट्ट लावू नका. १ अँपिअरने दहा मिनिटांत ७५ मिलीच्या आसपास हायड्रोजन निघतो. उघड्या खिडकीजवळ त्याचं काही होत नाही, पण घट्ट बाटलीत दाब वाढतो आणि शेजारी गॅसची शेगडी पेटलेली नसावी एवढं तर नक्कीच.

इथवर आलात तर तुमच्या वासाचं कोडं सुटतं. वास जास्त म्हणजे जोर जास्त, असं नसतं. पीएच फार खाली गेला तरी वास वाढतो. पृष्ठभागावर घाम, लघवी, खरकटं असेल तर क्लोरीन त्यातल्या नायट्रोजनशी जुळून क्लोरामाइन बनतं, आणि स्विमिंग पूलचा म्हणून जो वास आपण ओळखतो तो बराचसा त्याचा असतो. वास नसणं म्हणजेही दोन गोष्टी असू शकतात: पीएच चढलेला आहे किंवा क्लोरीन झालाच नाही. नाकापेक्षा पट्टी खरी.

वापराकडे येऊ. हे पाणी मळ काढत नाही. तेल, दूध, मच्छी-मटणाचं पाणी, पीठ, माती, या सगळ्यांनी क्लोरीन संपतो आणि १०० पीपीएममध्ये तो मुळात असतो किती? लिटरभरात एक दशांश ग्रॅम. म्हणून आधी साबण, मग हे. चॉपिंग बोर्डचं उदाहरण घ्या. चिकन कापून झालं की बोर्ड खरवडून भांड्याच्या साबणाने आणि शक्यतो कोमट पाण्याने घासा. साबण पूर्ण धुऊन काढा, नाहीतर तोही क्लोरीन खातो. पाणी झटका. मग स्प्रे मारा, पण अत्तर मारल्यासारखा नव्हे. एक फूट बाय पाऊण फुटाच्या बोर्डाला पंधरा-वीस दाब, म्हणजे पंधरा-वीस मिली लागतात. सगळीकडे सलग ओली चकाकी दिसली पाहिजे, थेंब-थेंब नको. सुऱ्यांच्या खाचांमध्ये बोर्ड थोडा तिरपा करून पाणी उतरवा. मग दहा मिनिटं ओला राहू द्या.

ही दहा मिनिटं बहुतेक घरांत पाळली जात नाहीत. डोक्यावर पंखा गरगरत असतो आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत बोर्ड दोन-तीन मिनिटांत वाळतो. वाळला की काम थांबलं. पंखा बंद करा किंवा पाच मिनिटांनी पुन्हा एकदा भिजवा. पावसाळ्यात ही अडचण नाही. शेवटी साध्या पाण्याने विसळून बोर्ड उभा करून वाळत घाला.

सिंक, नळाची मूठ, फ्रिजच्या दाराचं रबर, कचऱ्याच्या डब्याचं झाकण, बाळाची प्लास्टिकची खेळणी, यांना हीच पद्धत. खेळणी शेवटी विसळायचीच, कारण ती तोंडात जाणार. काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर वाळल्यावर पांढुरके डाग दिसतील. ते मीठ आहे, ५० मिली फवारलं की दहावा भाग ग्रॅम मीठ मागे राहतंच. ओल्या फडक्याने पुसलं की गेलं. कडप्पा किंवा संगमरवर असेल तर फार वेळ साचू देऊ नका. तो चुनखडीचा दगड, रोजच्या सौम्य आम्लानेही कालांतराने त्याची झिलई उतरते. स्टीलवर क्लोरीन आणि मीठ दोन्ही राहिलं तर सुईच्या टोकाएवढे गंजाचे खड्डे पडतात, म्हणून स्टीलचं सिंक दहा मिनिटांनी धुवायचंच.

तांब्या-पितळेची भांडी, देवघरातल्या मूर्ती, ॲल्युमिनियमचा कुकर, रंगीत सुती कपडे, मोबाइल आणि टीव्हीचा पडदा: यांच्या वाटेला जाऊ नका. भिंतीवरच्या बुरशीचा काळा रंग याने उडेल, बुरशी मात्र प्लास्टरच्या आत राहील. तिथे गळती शोधावी लागते. भाज्या-फळांसाठी विचाराल तर मी या यंत्राचं पाणी वापरायची घाई करणार नाही. पट्टीच्या लेपाची खात्री नसताना ते अन्नाला लावू नये, आणि वाहत्या पाण्यात चोळून धुतल्याने बरंचसं काम होतं. कीटकनाशकं याने निघून जातात या दाव्यावर भरवसा ठेवू नका.

एक जागा अशी आहे जिथे हे पाणी अपुरंच पडतं. घरात कोणाला उलट्या-जुलाब झाले आणि फरशीवर घाण झाली, तर १०० पीपीएम त्या घाणीतच संपतो. उलटीवाटे पसरणारे काही विषाणू चिवट असतात, त्यांना १००० पीपीएम आणि त्यापुढचं द्रावण लागतं. तिथे आधी कागदाने सगळं उचलून घ्यायचं, जागा धुवायची आणि मग ब्लीच: बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर २० मिली ब्लीच आणि ९८० मिली पाणी. हातमोजे घालून, खिडक्या उघडून, बाळ आणि सासूबाई दुसऱ्या खोलीत. म्हणजे ब्लीचची एक छोटी बाटली घरात, उंचावर आणि कुलपात, असू द्यावी असंच माझं म्हणणं आहे.

दम्याच्या बाबतीत इतकंच सांगतो की धोका द्रव्यापेक्षा फवाऱ्याचा जास्त. बारीक धुकं श्वासात जातं. नोझल धुक्याऐवजी धारेवर ठेवा, किंवा फडकं द्रावणात नीट भिजवून त्याने जागा ओली करा. कोरड्या फडक्यावर दोन दाब मारून पुसलं तर फडक्याचं सूतच क्लोरीन संपवतं, म्हणून भिजवलेलंच हवं. खोलीच्या हवेत, पडद्यांवर, माणसांवर फवारणं तर नकोच. कोविडच्या वेळी माणसांवर जंतुनाशक उडवणारे बोगदे उभे राहिले होते, तेव्हा एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेच तसं न करण्याची सूचना काढली होती. जखमेवर लावणं, गुळण्या करणं, वाफ घेणं, यासाठी घरच्या यंत्राचं पाणी नाही.

आता मिसळण्याबद्दल. इथे थोडा रेंगाळतो, कारण लोक "हे तर सौम्य आहे" म्हणून गाफील राहतात. संडास धुवायची निळी, घट्टसर द्रव्यं आपल्याकडे बहुतेक हायड्रोक्लोरिक ॲसिडची असतात. समजा ४ बाय ५ फुटांची, ८ फूट उंच मोरी आहे, दार लावलेलं आहे, आणि कुणी भांड्यात ॲसिड टाकून त्यावर तुमचं २०० पीपीएमचं लिटरभर पाणी ओतलं. सगळा क्लोरीन वायू होऊन बाहेर आला असं धरलं तर त्या खोलीच्या हवेत तो दशलक्षात पंधरा भागांच्या आसपास जातो. दशलक्षात दहा भाग ही पातळी अमेरिकेतल्या औद्योगिक सुरक्षेच्या मोजमापात जिवाला तत्काळ धोकादायक धरली जाते. प्रत्यक्षात सगळा वायू सुटणार नाही, पण दम्याच्या माणसाला त्याच्या दहाव्या भागानेही ठसका लागून धाप चढू शकते. म्हणून ॲसिडने संडास धुतला त्या वेळी हे पाणी तिथे नाही. आधी भरपूर पाणी, दोनदा फ्लश, दार उघडं, आणि जंतुनाशक हवंच असेल तर संध्याकाळी. काचा पुसायच्या अमोनियाच्या द्रवाशीही गाठ घालू नका.

फिनाईलशी मिसळू नका, याचं कारण वेगळं. पांढऱ्या फिनाईलमधलं पाइनचं तेल क्लोरीन संपवतं, दोन्ही वाया. काळ्या फिनाईलमध्ये डांबरापासून काढलेली फिनॉलच्या जातीची द्रव्यं असतात, त्यांच्याशी क्लोरीन जुळला की दवाखान्यासारखा उग्र, न जाणारा वास बसतो.

साठवण: हे पाणी टिकत नाही. ऊन आणि उष्णता ही त्याची दोन वैरी. पारदर्शक बाटली खिडकीत ठेवली तर एका दुपारी अर्धं काम संपतं. गडद रंगाची, घट्ट झाकणाची प्लास्टिकची बाटली घ्या, कपाटात ठेवा, वर तारीख लिहा आणि दोन दिवसांत संपवा. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात तर रोजचं रोज बनवा. बाटलीवर "पिऊ नका" असं मोठ्या अक्षरात लिहा, कारण दिसायला ते निव्वळ पाणी असतं. पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून ठेवणं हा सरळसरळ अपघाताला निमंत्रण देण्याचा प्रकार.

मग ब्लीचच पातळ करून वापरलं तर? हिशेबाने ५ टक्क्यांच्या ब्लीचचे २ मिली लिटरभर पाण्यात घातले की १०० पीपीएम होतात, खर्च पैशांत. पीएच चढा असल्यामुळे ते सावकाश काम करतं, म्हणून ओलं ठेवण्याचा वेळ वाढवावा किंवा थोडं जास्त घ्यावं. यंत्राचा फायदा असा की घरात तीव्र द्रव्य रोज हाताळावं लागत नाही, २ मिलीच्या जागी अंदाजाने झाकणभर ओतलं जात नाही आणि पीएच ठीक असेल तर कमी क्लोरीनमध्ये जास्त काम होतं. लहान मूल असलेल्या घरात हा फायदा खरा आहे. पण ज्या घरात कोणी पट्टीने मोजणार नाही, तिथे मोजून पातळ केलेलं ब्लीच जास्त भरवशाचं.

फरशीचं राहिलं. रांगणाऱ्या बाळासाठी तुम्ही रोज लादी या पाण्याने पुसायचा विचार करताय. दहा लिटरच्या बादलीत लिटरभर द्रावण ओतलं की १० पीपीएम होतं, आणि पोछा दुसऱ्यांदा बुडवला की धुळीने तेही शून्यावर येतं. तुम्ही मिठाच्या पाण्याने लादी पुसत असता आणि ती चिकट होते. रोज साधा साबण घालून एकदा, मग स्वच्छ पाण्याने एकदा, पोछा धुऊन उन्हात. बाळ जिथे लघवी करतं तेवढी जागा आधी पुसून, धुऊन मग फवारा आणि दहा मिनिटं बाळाला उचलून ठेवा.

पुढचं पाऊल म्हणून एवढं करा. यंत्र सायट्रिक ॲसिडने साफ करा, आरओचं पाणी आणि २ ग्रॅम मीठ घेऊन एकदा चालवा. व्हिनेगर घालण्याआधी आणि घातल्यानंतर पीएच मोजा, क्लोरीन मोजा, जमल्यास अँपिअरही बघा. मग तेच बोअरच्या पाण्याने करा. हे आकडे आणि यंत्रातल्या धातूच्या पट्ट्यांचा एक जवळून काढलेला फोटो पाठवलात, तर दोष पाण्यात आहे, चार्जरमध्ये आहे की पट्टीच्या लेपात, हे सांगता येईल.